पुण्याला नॉइज शोला पहिल्यांदा चाललोय, कोल्हापुरातलं कोण जाऊन आलंय का?

शिरगावचा_टर्नर

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावला एका सीएनसी शॉपमध्ये कामाला आहे. गेलं वर्षभर नॉइज-इंडस्ट्रियलचा, म्हणजे सूर-चाल सोडून नुसत्या आवाजाच्या, यंत्रांच्या खडखडाटाच्या संगीताचा नाद लागलाय, पण सगळं मोबाइल आणि हेडफोनवर. मर्झबाऊ या जपानी कलाकारापासून सुरू झालं, मग थ्रॉबिंग ग्रिसल, मग आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन हे बँड. घरी कुणाला सांगायची सोय नाही. आईनं एकदा हेडफोन कानाला लावून बघितला आणि म्हणाली, "ह्याची वायर तुटलीय, दुकानात दाखव."

आता पुण्यातल्या एका मित्राचा निरोप आलाय. येत्या शनिवारी तळघरातल्या एका छोट्या जागेत तिघांचे सेट, म्हणजे एकेकाचं सलग वाजवणं, आहेत. जागा फार तर चाळीस माणसांची. जायचं जवळजवळ ठरलंय, पण विचारायचं बरंच आहे. कानाचं काय करायचं? धक्काबुक्की असते का? मित्राचं ऐनवेळी रद्द झालं तर एकट्यानं गेलो तर चालतं का? रात्री परत कसं यायचं? आणि मेन म्हणजे, हेडफोनवर मिळत नाही असं तिथं काय मिळतं? जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर होतात. पप्पा म्हणतात, "दिवसभर मशीनचा आवाज ऐकतोस त्याचा पगार मिळतो, आणि तोच आवाज पैसे देऊन ऐकायला पुण्याला?" मला उत्तर देता आलं नाही.

पापाची_तिकटी

भावा, गणपतीत महाद्वार रोडला ये. डॉल्बीच्या भिंतीपुढं उभा राहा आणि बरगड्या मोजून घे. फुकट. वर वडापाव मी घालतो.

फेटलिंग_शिरोली

पप्पांचा प्रश्न रास्त आहे, आधी तोच घेतो.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, फेटलिंगला, म्हणजे ओतीव नग घासून साफ करायच्या खात्यात सुपरवायझर. ग्राइंडर, चिपिंग, शॉट ब्लास्ट, पलीकडं शेकआउट. इंडक्शन भट्टीची ती बारीक शिट्टी तर घरी झोपल्यावर पण डोक्यात असते. तरी वर्षातनं जमेल तसं पुण्या-मुंबईला असल्या शोला जातो आणि आमची मंडळी दरवेळी हाच प्रश्न विचारते. माझं उत्तर असं : शॉपमधला आवाज कुणाचाच नसतो. काम करताना सांडलेला असतो तो. कुणी तो केलेला नसतो, कुणी ऐकत पण नसतं. शोमध्ये एक माणूस टेबलामागं बसून तो आवाज धरतो, ताणतो, आता तोडेल असं वाटतं तिथं तोडत नाही, आणि तुला जरा बरं वाटायला लागलं की कचकन बंद करतो. ते त्याचं ठरवणं ऐकायला जायचं. पगाराच्या आवाजात ते नाही.

आता हेडफोन आणि खोली. ५० हर्ट्झचा घुमारा घे, आपल्या लाइनच्या करंटचीच फ्रिक्वेन्सी. त्याची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते, म्हणजे असल्या तळघराएवढीच. भिंतीला पाठ लावून उभा राहिलास तर तो छातीत बसतो. भिंतीपासून पावणेदोन मीटर पुढं आलास की तोच आवाज बराचसा गायब. उलट ३००० हर्ट्झची शिट्टी घे, तिची लाट साधारण ११ सेंटीमीटर, तिथं नुसती मान वळवली तरी सूर हलतो. एका शोला मी दोन पावलं मागं सरकलो आणि खालचा अख्खा थर गेला. शेजारचं पोरगं डोळे मिटून त्याच थरावर डोलत होतं. त्याच्यापाशी तो होता, माझ्यापाशी नव्हता, आणि आमच्यात अंतर किती, तर हातभर. हे हेडफोनवर होत नाही. तिथं कान जिथं जाईल तिथं स्पीकर पण जातो. म्हणून माझं सांगणं, एका जागी खिळून राहू नको. सेट चालू असताना सावकाश फिर. कुणी काही म्हणत नाही.

तिकटीवाल्या भावासाठी : डॉल्बीपुढं मी पण नाचलोय, नाही म्हणत नाही. पण डॉल्बी सगळ्या रस्त्याला एकच हुकूम देतो, नाच. नॉइज शोमध्ये हुकूम नसतो, त्यामुळं पहिली पाच मिनिटं माणसाला हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही. आपल्याकडचं काही जवळचं सांगायचं तर मी खासबागेतली हलगी सांगेन. कुस्ती लागलेली असते, हलगीवाल्याची नजर पैलवानांवर, पकड घट्ट झाली की ह्याचा हात चढतो, सुटली की उतरतो. तो बघून वाजवतो. हे लोकपण तेच करतात, फक्त बघतात ते आवाजाकडं.

आता कान, आणि इथं चेष्टा नाही. आपल्या कारखान्याच्या नियमात ९० डेसिबलला ८ तास असं धरलेलं आहे. कानाच्या बाजूनं विचार करणारे त्याहून कडक हिशेब लावतात : ८५ ला ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबानं १०० डेसिबलला १५ मिनिटं. असल्या खोलीत १०० सहज ओलांडतं. आणि हा कोटा अख्ख्या दिवसाचा असतो. शनिवारी शिफ्ट मारून थेट शोला गेलास तर कोटा शॉपमध्येच संपवून गेलास. त्या दिवशी रजा टाक, नाहीतर शॉपमध्ये पण प्लग घालूनच काम कर.

प्लग कुठले? कंपनीत मिळतात ते फोमचे चालतील, पण ते वरचे आवाज जास्त खातात, मग मर्झबाऊ गोधडीखालनं ऐकल्यासारखा वाटतो. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे प्लग मिळतात, आत फिल्टर असतो, सगळे आवाज साधारण सारखेच खाली आणतात. परवडले तर ते घे. फोमचेच वापरणार असशील तर नीट घाल. आपली निम्मी पोरं प्लग कानाच्या दारात नुसता अडकवतात. बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यामागनं आणून कानाची पाळी वर-मागं ओढ, आत सार, फुगेपर्यंत बोटानं धरून ठेव. बरोबर बसला की स्वतःचाच आवाज पिंपातनं आल्यासारखा येतो. शोनंतर कानात शिट्टी राहिली तर दुसऱ्या दिवशी कानाला पूर्ण विश्रांती. दोन-तीन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरकडं, घरगुती तेल-बिल नको.

राजारामपुरी_टू_कोथरूड

दादांनी आवाजाचं सांगितलं, मी बाकीचं सांगते. मी मूळची राजारामपुरीची, आता नोकरीसाठी पुण्यात. असल्या शोला बऱ्याचदा एकटीच जाते.

धक्काबुक्की जवळजवळ नसते. मेटल शोसारखं पिट, म्हणजे स्टेजपुढची ढकलाढकली वगैरे डोक्यात असेल तर काढून टाक. लोक उभे असतात, काही भिंतीला टेकून खाली बसलेले, दोघंतिघं डोळे मिटून. काळे टीशर्ट भरपूर आणि स्वभाव एकदम मऊ. एकटा गेलास तर उलट बरं, कारण सेट चालू असताना बोलायचं नसतंच. एखादा तुकडा एवढा हळू जातो की मागं कुणी पिशवी उघडली तरी ऐकू येतं, आणि तेव्हा गप्पा मारणारा मग सगळ्यांच्या लक्षात राहतो. एकेक सेट वीस-पंचवीस मिनिटांचा, त्याहून लांब क्वचित. स्टेज बहुतेक नसतं. जमिनीवर किंवा टेबलावर वायरींचा गुंता पसरलेला असतो. तो ओलांडू नकोस, एक जॅक निघाला की सेट गेला. संपल्यावर जाऊन "हे कसं केलंत?" विचारलंस तर मात्र मनापासून सांगतात. वाजवणारे स्वतःच कॅसेट नाहीतर सीडी विकत असले तर घे. दारावर जमलेले पैसे वाटून वाजवणाऱ्याच्या हातात येण्याजाण्याचा खर्च पण पडत नाही कित्येकदा.

दोन गोष्टी सावधपणे. एक, स्ट्रोब लाइट. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल किंवा तुला उजेडाच्या झपाट्यानं काही होत असेल तर आयोजकांना आधी मेसेज करून विचार. दोन, ह्या संगीताच्या एका कोपऱ्यात, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये जास्त, लोकांना हादरवायचं म्हणून फॅसिस्टांची चिन्हं, हिंसेची चित्रं वापरायची जुनी खोड आहे. काही जण म्हणतात तो आरसा आहे. मला तो आळशीपणा वाटतो. पडद्यावर असलं काही आलं आणि तुला नको वाटलं तर बाहेर येऊन चहा पी, कुणी अडवत नाही.

परतीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस बघ. मुंबईहून येते, मध्यरात्रीच्या आसपास पुण्यात असते आणि सकाळी कोल्हापूर. गाडी पुण्याहून रात्री बारानंतर सुटणार असेल तर तिकिटावर तारीख पुढच्या दिवसाची लागते, म्हणजे शनिवारच्या शोला रविवारचं तिकीट. यात भलेभले फसतात. तिकीट नाही मिळालं तर स्वारगेटहून एसटी, पण हायवेला काम चालू असलं तर वेळेचा भरवसा धरू नको.

पापाची_तिकटी

ताई, दादा, सगळं मान्य. पण हे खूळ परदेशातलंच की नाही? आपल्या मातीत कुठं असलं?

फेटलिंग_शिरोली

खूळ जुनं आहे एवढं नक्की. लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकारानं १९१३ मध्येच लिहून ठेवलं होतं की आता यंत्रांच्या आवाजाचं संगीत पाहिजे, आणि त्यानं त्यासाठी भोंगे लावलेली लाकडी खोकी पण बनवली होती. आपल्याकडचं म्हणशील तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन माणसानं मूग नावाच्या सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई आणि आणखी काही भारतीयांनी तिथं टेपवर काम केलं. लंडनला थ्रॉबिंग ग्रिसल सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे ही. तेव्हा मातीचं टेन्शन घेऊ नको.

बाकी तिकडच्यांनी पण कमी उद्योग केले नाहीत. नॉयबाउटेनच्या काही मंडळींनी १९८४ च्या जानेवारीत लंडनच्या आयसीए या कलाकेंद्रात ड्रिल आणि काँक्रीट मिक्सर आणून चक्क स्टेज फोडायला घेतलं, तिथल्या लोकांनी कार्यक्रम मध्येच थांबवला. १९८५ मध्ये टोकियोत हानाताराश बँडच्या 'आय' नावाच्या गड्यानं जेसीबीसारखं यंत्रच हॉलमध्ये घातलं. आपल्याकडं जेसीबी फक्त नेत्यावर फुलं उधळायला येतो. मला मात्र या सगळ्यात टेस्ट डिपार्टमेंट हा बँड जास्त भावतो. लंडनची पोरं, भंगाराचं लोखंड बडवायची, आणि १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात साउथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर कार्यक्रम करत फिरली. तिथं लोखंडाचा आवाज कुणाचा आहे हे विचारावं लागत नव्हतं.

शिरगावचा_टर्नर

सगळ्यांचे आभार. शनिवारची रजा टाकली. प्लग मागवलेत, फिल्टरवाले.

अजून एक, हसू नका. शॉपमधला भंगाराचा ढीग बघितला की हात शिवशिवतात. कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे वस्तूला चिकटवून तिची थरथर ऐकायचा माइक लावून घरी काही करून बघायचं म्हणतोय. कुठलं लोखंड उचलू?

फेटलिंग_शिरोली

हसतोय कोण? हा तर आमचा रोजचा धंदा.

जॉब तपासताना आम्ही हातोडीनं ठोकून बघतो. चांगला नग वाजतो, तडा असला तर आवाज फुटका येतो. धातूचा पण फरक असतो. एसजी आणि ग्रे हे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार. एसजी आयर्न टणकन वाजतं आणि वाजत राहतं. ग्रे आयर्न बद्द. ग्रे आयर्नमध्ये ग्रेफाइटचे पापुद्रे असतात, ते कंपन तिथल्या तिथं मारतात. मशीनचा बेड ग्रे आयर्नचा करतात तो याचसाठी, तुझी सीएनसी थरथरू नये म्हणून. म्हणजे तुझ्या कामासाठी ग्रे आयर्न सगळ्यात वाईट. एसजीचा एखादा रिजेक्ट नग, स्टीलचा पातळ पत्रा, बँडसॉचं तुटलेलं पातं, लांब स्प्रिंग, यातलं बघ. मालकाला विचारून घे, वजनावर विकला जातो तो माल.

माइकसाठी पिझोची, म्हणजे थरथरीचा करंट करणारी चकती घे, बझरमध्ये असते ती, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. शिल्डेड वायर लाव. पांढऱ्या भागावर सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवू नको, चांदीचा थर उठतो. डबल टेपनं किंवा क्लॅम्पनं पत्र्याला गच्च बसव, ढिली राहिली की नुसता खडखडाट. पिझो थेट मिक्सरला लावलास तर खालचा आवाज गायब होऊन नुसता किरकिरा टीन ऐकू येतो. मध्ये छोटा प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारा डबा) किंवा गिटारचा पेडल टाक. आणि पहिल्यांदा वाजवताना व्हॉल्यूम शून्यावरनं वर ने, हेडफोन घालून तर अजिबात नको.

उद्यमनगर_गल्ली

वाचत होतो सगळं. शिवाजी उद्यमनगरात आमचं शेड आहे, लेथचं. सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं. पंधरा-वीस जण बसतील. करायचं का काही?

राजारामपुरी_टू_कोथरूड

करा की! मी येते. पण आधी नियम बघून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर नको, आणि दिवसा पण लेखी परवानगी काढा. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. मर्यादा दिवसा औद्योगिक भागाला ७५, व्यापारी ६५ आणि रहिवासी ५५. तुमची गल्ली कशात मोडते ते नीट विचारा, मागं घरं असतील तर सगळंच बदलतं. दुपारी चार ते सात ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून या.

उद्यमनगर_गल्ली

मागं घरं आहेत. एक आजोबा आहेत, लेथ चालू असला तरी काही म्हणत नाहीत, पण कुणी गाणी लावली की काठी घेऊन येतात.

फेटलिंग_शिरोली

मग काळजी नको, आपण गाणी लावणारच नाही. पण शेडचा पत्रा कसला आहे ते सांगा. नुसता सिमेंटचा असेल तर वेगळं, जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा असेल तर तो पण वाजणार, त्याला नटबोल्ट आधी आवळून घ्यावे लागतील. आणि फेज कुठला देताय? लेथच्याच लाइनवर साउंडचा मिक्सर लावला तर हम, म्हणजे करंटचा घूं आवाज येईल.