रक्त दिसतं, पण कॅथेटर पुढे सरकत नाही

प्रश्न (जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमा, दुसरं वर्ष, नाशिक)
मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग आहे. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची सुई, तिच्यावर प्लास्टिकची बारीक नळी म्हणजे कॅथेटर) टोचल्यावर मागच्या चेंबरमध्ये रक्त येतं, पण कॅथेटर सरकवताना अडतं, नाहीतर शीर फुटून टेंगूळ येतं. या थंडीत सकाळच्या पाळीला तर शीरच सापडत नाही. दुसरं, ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं तर मिनिटाला थेंब किती ठेवायचे? सूत्र पाठ आहे, सेट (सलाईनची नळी) बदलला की गोंधळ होतो.

वॉर्ड सिस्टर, नाशिकरोड
रक्त दिसलं म्हणजे फक्त सुईचं टोक शिरेत गेलं. सुई कॅथेटरच्या तोंडापेक्षा थोडी पुढे असते, म्हणून त्या क्षणी कॅथेटर अजून शिरेबाहेरच असतं. तेव्हाच सरकवलं की अडणारच. रक्त दिसताच हात खाली घे, सुई कातडीला जवळजवळ समांतर कर, आणखी २-३ मिलिमीटर आत जा. मग सुई जागच्या जागी धरून नुसतं कॅथेटर सरकव. टेंगूळ येतं ते कोन उभा ठेवून पुढे गेल्यामुळे, कारण सुई मागची भिंतही पार करते. सुरुवातीचा कोन १० ते ३० अंश, वरवरच्या शिरेला कमीच. आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कातडी खाली ताणून धर, नाहीतर शीर निसटते.

बाहेर काढलेली सुई कॅथेटरमध्ये परत कधीही घालू नकोस. कॅथेटर आतून कापलं जाऊन त्याचा तुकडा रक्तात वाहून जाऊ शकतो.

थंडीत शिरा आकसतात. हात पांघरुणात ठेवायला सांग, कोमट ओला कपडा काही मिनिटं गुंडाळ, हात पलंगाखाली लोंबकळू दे. टॉर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या १०-१५ सेंटिमीटर वर, मिनिटाच्या वर नको. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू दे, त्यानंतर बोटाने पुन्हा चाचपायचं नाही.

नर्सिंग ट्यूटर
थेंबांचं सांगते. सेटच्या पाकिटावर १ मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं, आधी ते वाच. २० थेंबांचा सेट असेल तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२. १५ चा असेल तर ३१. मायक्रो सेटला ६० थेंब, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. तुझ्या उदाहरणात ते १२५ होतील, डोळ्यांनी मोजताच येणार नाहीत. मायक्रो सेट लहान मुलांना आणि हळू द्यायच्या औषधांना. पूर्ण मिनिट मोज, आणि पेशंट बाथरूमला जाऊन आला की पुन्हा मोज.

मागे पडलेली बाटली भरून काढायला रोलर (नळीवरचं थेंबांचा वेग बदलायचं चाक) पूर्ण सोडायचा नाही. वयस्कर, हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी भरतं. थेंब आपोआप मंदावले तर आधी मनगट दुमडलंय का, बाटलीचा एअर व्हेंट (हवा आत जायचं छिद्र) बंद आहे का, नळी दबलीय का ते बघ. कॅथेटर अडलेलं वाटलं तर सिरिंजने जोर लावून फ्लश करू नकोस (पाणी ढकलू नकोस), गुठळी आत ढकलली जाते.

प्रश्नकर्ती
धन्यवाद मॅडम. सलाईन आऊट झालंय (शिरेबाहेर कातडीखाली जातंय) की शिरेला सूज आलीय, हे कसं ओळखायचं?

वॉर्ड सिस्टर, नाशिकरोड
हात लावून. आऊट झालं की जागा गार, फुगलेली, फिकट लागते. शिरेची सूज असेल तर गरम, लाल, दुखरी, कधी दोरीसारखी कडक. दोन्हीत सलाईन बंद करून कॅथेटर काढायचं आणि नवीन दुसऱ्या जागी लावायचं. चिकटपट्टी जागेवर आडवीतिडवी गुंडाळू नकोस, टोचलेली जागा दिसली पाहिजे. डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशनने जोडलेली शीर आणि धमनी) असलेल्या हाताला टॉर्निकेटही बांधायचं नाही.

नर्सिंग ट्यूटर
एक राहिलं. पोटॅशियम क्लोराईड कधीही थेट सिरिंजने शिरेत नाही, हृदय थांबतं. बाटलीत घातल्यावर ती चार-पाच वेळा उलटीसुलटी कर, आणि हे बाटली पेशंटला लावण्याआधी. लटकत्या बाटलीत घातलं तर औषध तोंडाशी साचतं आणि पहिल्या थेंबांतच एकदम जातं. घातल्याबरोबर लेबलवर मात्रा, वेळ, सही.