चॉसरचा लेखनिक पिंकहर्स्टच का? अक्षरावरून 'हात' ओळखायला मदत हवी आहे

मंडळी,

एम.ए.च्या सेमिनारसाठी एक विषय हौसेनं घेतला आणि आता त्यातून वाट सापडत नाहीये. इथे मोडी वाचणारे बरेच जण आहेत, युरोपातल्या जुन्या लिप्या हाताळलेलेही कुणी असावेत असं जुन्या धाग्यांवरून वाटलं, म्हणून इथेच विचारते.

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या ज्या दोन हस्तलिखित प्रतींना सगळे अभ्यासक मानतात, त्या हेंगर्ट आणि एल्समीअर. पहिली वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, उंदरांनी कडा कुरतडलेली. दुसरी कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयात, यात्रेकरूंच्या रंगीत चित्रांसकट. दोन्ही 1400च्या आसपासच्या आणि दोन्ही एकाच लेखनिकाच्या, इथवर फारसा वाद नाही. 1978 मध्ये डॉइल आणि पार्क्स या दोघांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या गॉवर या कवीच्या 'कन्फेशिओ अमांटिस'च्या एका हस्तलिखितातले पाच हात (म्हणजे पाच लेखनिकांची अक्षरं) वेगळे काढले आणि त्यांना ए ते ई अशी अक्षरं दिली. त्यातला 'बी' म्हणजेच हेंगर्ट-एल्समीअरवाला. (पाचवा, 'ई', म्हणजे कवी टॉमस हॉक्लीव्ह स्वतः! पोटासाठी तो राजाच्या प्रिव्ही सीलच्या कचेरीत कारकुनी करायचा.)

पुढे 2004 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत लिन मूनी यांनी जाहीर केलं की या 'बी'चं नाव अ‍ॅडम पिंकहर्स्ट. सविस्तर लेख 2006 मध्ये 'स्पेक्युलम'मध्ये आला. पुरावा काय, तर लंडनच्या स्क्रिव्हनर लोकांच्या, म्हणजे दस्तऐवज लिहिणाऱ्यांच्या, संघाची वही. संघात येणारा माणूस त्या वहीत स्वतःच्या हातानं शपथ लिहायचा. पिंकहर्स्टची शपथ 1392च्या सुमाराची आहे. चॉसरच्या नावावर सात ओळींची एक कविताही आहे, त्यात तो अ‍ॅडम नावाच्या लेखनिकाला दम देतो की पुन्हा चुकीचं उतरवलंस तर तुझ्या डोक्यात खवडे होतील. नाव जुळलं, शहर जुळलं, काळ जुळला. सगळं इतकं छान जुळतं की त्याचीच मला जरा धास्ती वाटते.

मी शपथेचा फोटो आणि हेंगर्टची पानं शेजारी ठेवून अक्षरं ताडून पाहिली. 'ए' दोन घरांचा, वरचं घर बाकी अक्षरांच्या डोक्यावर गेलेलं. 'जी' इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. 'आर'चा पाय ओळीखाली उतरलेला. 'डी'ला वर फास. सगळं जुळलं. मग सहज म्हणून त्याच काळातले लंडनमधले इतर कागद पाहिले, तर तिथेही हेच! मूनी यांचा भर ज्या नक्षीवर आहे (वरच्या समासात दोन तिरप्या रेघा आणि मध्ये टिंब), तिच्याबद्दलही जेन रॉबर्ट्स (2011) आणि लॉरेन्स वॉर्नर (2015 आणि 2018) म्हणतात की असले फराटे तेव्हा अनेक जण मारायचे.

तर कुठली अक्षरं माणसाची आणि कुठली नुसती त्या काळाची, हे ठरवायचं कशावरून? काही ठरलेली पद्धत आहे, की शेवटी 'सरावलेली नजर' एवढंच उत्तर? गाईड म्हणतात, बाजू घे. मला घेता येईना.

प्रतिसाद

तुम्ही जी चार अक्षरं मोजलीत ती चारही आधी बाजूला काढा. दोन घरांचा 'ए', आठासारखा 'जी', लांब पायाचा 'आर' ही अँग्लिकाना लिपीची लक्षणं झाली. तेराव्या शतकापासून इंग्लंडात जो कुणी कचेरीत लिहायला शिकला त्याच्या हातात ती होतीच. त्यावरून माणूस ओळखता येत नाही, शिक्षण तेवढं कळतं.

खरी गंमत 1370च्या पुढे सुरू होते. तेव्हा सेक्रेटरी ही दुसरी लिपी इंग्लंडात आली: एका घराचा 'ए', आखूड 'आर', 'ई'ला शिंग. एकेक लेखनिक दोन्हींचं मिश्रण करायला लागला आणि कोण कुठलं अक्षर कुठून उचलतो, यात सवय दिसते. एका 'एस'चेच तीन प्रकार मिळतात: उंच, गोल वळलेला आणि शब्दाच्या शेवटी येणारा. तुमचा माणूस शब्दाच्या सुरुवातीला कुठला घालतो, मध्ये कुठला, आणि किती वेळा नियम मोडतो? हे दोन-चार पानांवर मोजा. एखादा सुंदर नमुना कापून शेजारी चिकटवण्यापेक्षा अशी मोजणी कितीतरी भरवशाची.

आकाराच्या आधी हालचाल पाहायची. जाँ मालाँ या फ्रेंच लिपितज्ज्ञाची शिस्त अजून चालते: अक्षर किती फटक्यांत आणि कुठल्या क्रमानं काढलं (यालाच डक्टस म्हणतात), लेखणी ओळीशी कुठल्या कोनात धरली, उंची-रुंदीचं प्रमाण काय, रेघ किती जाड. आकाराची नक्कल होते, फटक्यांचा क्रम सहसा बदलत नाही. मोठं करून पाहिलं की शाई कुठे दाट झाली, कुठली रेघ दुसरीवरून गेली हे बऱ्याचदा दिसतं.

आणि एक गोष्ट वादात पुरेशी बोलली जात नाही असं मला वाटतं. शपथ लॅटिनमध्ये आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याचा हात सगळ्यात जास्त उघडा पडतो तो 'डब्ल्यू'मध्ये आणि थॉर्न, योख या जुन्या इंग्रजी अक्षरांमध्ये. विशेषनामं सोडली तर लॅटिनला यातलं काहीच लागत नाही. म्हणजे एका बाजूला चार-दोन ओळींचा, ठेवणीतल्या अक्षरात लिहिलेला लॅटिन मजकूर, दुसऱ्या बाजूला शेकडो पानांची इंग्रजी कविता. मधला दुवा म्हणून मर्सर व्यापाऱ्यांचा 1387-88चा अर्ज दाखवतात, तो इंग्रजीत आहे. पण तो पिंकहर्स्टचा हे पुन्हा अक्षरावरूनच ठरवलेलं! शपथ ते अर्ज आणि अर्ज ते हेंगर्ट, हे दोन्ही दुवे वेगवेगळे तपासा. एकात शंका राहिली तर दुसरा कितीही पक्का असला तरी नाव टिकत नाही.

प्रतिसाद

इंग्रजी लिपीतलं मला काही कळत नाही, पण मोडीतही हेच आहे. चिटणीसी, बिवलकरी ही वळणं झाली. कागद बिवलकरी वळणाचा आहे म्हणजे तो बिवलकरांनी लिहिला असं कुणी म्हणत नाही. एकाच दफ्तरातले दोन कारकून वेगळे काढायचे तर आम्ही जोडाक्षरं आणि शब्द मध्येच कुठे तोडलाय ते पाहतो. वाचतोय.

प्रतिसाद

ताई, पिंकहर्स्टपासून सुरुवात करू नका. आधी हॉक्लीव्ह शिका. त्याच्या स्वतःच्या हाताच्या प्रती शाबूत आहेत, दोन हंटिंग्टनमध्ये आणि एक डरॅममध्ये. शुल्त्स यांनी 1937 मध्येच त्याच्या खुणा सांगितल्या होत्या: सपाट डोक्याचा मोठा 'ए', गोल फिरवून काढलेला 'डब्ल्यू', वगैरे. ओळखीच्या हातावर नजर बसली की अनोळखी हाताकडे वळा. त्यातही वाद आहेतच. ब्रिटिश लायब्ररीतली त्याच्याच 'रेजिमेंट ऑफ प्रिन्सेस' या काव्याची एक प्रत मूनी हॉक्लीव्हच्या हातची म्हणतात, वॉर्नर साफ नाकारतात.

जाता जाता: ज्याच्या हाताबद्दल शंकेला फारशी जागाच नाही असा लेखनिक हवा असेल तर तेराव्या शतकातला वूस्टरचा 'थरथरता हात' पाहा. वीसेक जुन्या हस्तलिखितांत त्याच्या टिपा आहेत, अक्षरं डावीकडे कललेली आणि रेघ कापरी. 2015 मध्ये 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात त्या कंपाचं निदानही छापून आलं. बिचाऱ्याचं नाव मात्र कुणाला माहीत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅटिनचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आणखी एक विचारते, शब्दांची स्पेलिंगं पुरावा म्हणून चालतील का? सायमन हॉरोबिन यांनी त्या अंगानं लिहिलेलं दिसतं.

प्रतिसाद

चालतील, पण जोडीला. लेखनिक कधी स्वतःचं स्पेलिंग घालतो, तर कधी समोरच्या प्रतीतलं जसंच्या तसं उतरवतो, त्यामुळे एकाच ग्रंथावरून काही ठरवू नका. चॉसर, गॉवर आणि लँगलंड अशा तीन वेगळ्या कवींच्या प्रतींत एकच सवय दिसली तर ती लेखनिकाची धरायला हरकत नाही. 'बी'च्या नावावर ट्रिनिटीतलीच लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन'ची एक प्रतही घातली जाते, ती यासाठी उपयोगी पडेल.

मध्ययुगीन इंग्रज लेखनिकांची जी वेबसाइट आहे, तिच्यावर एकेका हाताची अक्षरं कापून लावली आहेत. जरूर वापरा. फक्त ती मूनी, हॉरोबिन आणि स्टब्स यांनीच उभी केली आहे, तेव्हा तिथे 'पिंकहर्स्ट' हे नाव गृहीत धरलेलं असणार हे लक्षात ठेवा.

बाजू घेण्याबद्दल: 'हेंगर्ट आणि एल्समीअर एका हातच्या' आणि 'तो हात पिंकहर्स्टचा' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं ठामपणे मांडा, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि ते का, हे अक्षरं दाखवून सांगा. गाईडना तीही बाजूच वाटेल.

धागाकर्ती

हे जमेल. आधी ट्रिनिटीचं गॉवर उघडते, पाच हात एकाच ग्रंथात आहेत तर तिथेच 'एस' मोजून पाहते. तक्ता झाला की इथे टाकते, चुका काढा.