मदत हवी आहे: अकरा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचे अवयव हाताने कसे काढावेत?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो. दहावीतील पुतणीने कापूस वेचणीच्या हिशेबाच्या वहीत, मजुरीच्या आकड्यांखालीच, ११,११,११,११,१११ ही संख्या लिहून ती मूळ आहे का, असे विचारले आणि मी अडकलो.

सात वेळा १ असलेल्या ११,११,१११ चे कोडे आम्ही सोडवले होते. तिला भागणारी मूळ संख्या १०⁷ − १ लाही भागते. त्यामुळे त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला ७ ने, आणि ती समही असल्यामुळे १४ ने, भाग जावाच लागतो. म्हणून २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ एवढेच तपासून आठव्या भागाकारात २३९ सापडला: २३९ × ४६४९. मला तर ही युक्ती उत्तरापेक्षाही आवडली.

अकरा एकांसाठी याच न्यायाने २२ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. उत्तर २१,६४९ × ५,१३,२३९ आहे आणि गुणाकार करून ते मी पडताळले. परंतु २३, ६७, ८९ पासून २१,६४९ पर्यंत पोहोचायला दोनशेहून अधिक भागाकार होतात, आणि रात्री वीज गेली की तेही कंदिलाच्या उजेडात.

१०¹² ला अशा मूळ संख्येने भागल्यास बाकी १० च्या बाकीएवढीच येते, आणि १०¹² हा १०⁶ चा वर्ग आहे, म्हणजे १० ही तेथे वर्गसंख्येसारखी वागते, एवढे माझ्या ध्यानात आले आहे. यावरून निम्मे उमेदवार गाळता येतील का, आणि ४० ने भागल्यावरच्या कोणत्या बाक्या ठेवायच्या, हे कृपया दहावीच्या मुलीला समजेल अशा रीतीने कोणी सांगावे.