स्क्रीन हवीच, पण मायक्रोस्कोप काढू नका
'स्लाइड्स स्क्रीनवर दाखवा, जुने मायक्रोस्कोप मोडीत काढा' हे मेडिकलच्या वर्गांबद्दलचं मत मला अर्धंच पटलं. इंदूरला पॅथॉलॉजी (पेशी, रक्त तपासून रोग ओळखणं) शिकवते. स्क्रीनवर मी दाखवते तीच पेशी सगळ्यांना दिसते. पूर्वी मायक्रोस्कोपच्या आयपीसमधल्या (डोळा लावतो त्या भिंगातल्या) पॉइंटरवर भिस्त, आणि पोरं 'हाँ मॅम, दिख गया' म्हणून मोकळी! (दिसलेलं असायचं भलतंच.)

पण मलेरियाचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) घ्या. १००एक्स ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं शक्तिशाली भिंग), तेलाचा थेंब, फाइन फोकसचा स्क्रू किंचित मागेपुढे. ठिपका चमकला, लाल पेशीच्या वरच्या पातळीवर निघाला, तर बहुधा तो मलेरियाचा जंतू नाही, स्टेनचा (रंगाचा) कचरा. स्कॅन केलेली स्लाइड सहसा एकाच पातळीची, तिथे स्क्रू काय फिरवणार? आणि उद्या ही पोरं झाबुआ-अलीराजपूरकडच्या गावांतल्या दवाखान्यांत गेली, की तिथे स्कॅनर कुठून आणणार?