आईवडिलांच्या संगणकासाठी विश्वासू माणूस कसा पारखावा?

सातारकर:
माझे आईवडील साताऱ्याला असतात आणि मी नोकरीनिमित्त बेंगळुरूला. वडिलांची पेन्शनची कागदपत्रे, बँकेचे व्यवहार, आयकर विवरणपत्रे आणि घरातले सगळे फोटो एकाच डेस्कटॉपवर आहेत. नेहमी दुरुस्तीला येणारे गृहस्थ आता गाव सोडून गेले. मध्यंतरी पडद्यावर अचानक लाल इशारा झळकला, भोंगा वाजू लागला आणि सोबतच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करण्याची सूचना आली. वडिलांनी फोन केला नाही, पण तेव्हापासून ते संगणकाला हात लावायला कचरतात. घरी येऊन काम करील आणि ज्याच्या हाती हा संगणक निर्धास्तपणे देता येईल, असा माणूस कुठे शोधावा आणि दुरून त्याची पारख कशी करावी?

जुना दुरुस्तीवाला:
मी याच व्यवसायात असल्यामुळे आमच्या लोकांविषयी जरा स्पष्टच लिहितो. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'च्या क्रमांकावर विसंबू नका, कारण असे क्रमांक पुष्कळदा भामट्यांनीच पेरलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. तसे काही दिसल्यास ब्राउझर बंद करावा, तो बंद होत नसेल तर सरळ संगणकच बंद करावा.

त्यापेक्षा वडिलांचे सीए, ओळखीचे वकील किंवा फोटो स्टुडिओवाले यांना विचारा. संगणक एक दिवस बंद पडला तरी ज्यांचे काम अडते, ते कोणाला बोलावतात हे पाहावे.

नाव मिळाले की फोनवर एकच प्रश्न विचारा: "विंडोज नव्याने टाकायची वेळ आली, तर आधी काय कराल?" जो लगेच "फॉरमॅट मारून देतो" म्हणेल, त्याला तिथेच नमस्कार करावा. जाणता माणूस आधी फाइली कुठे कुठे आहेत ते विचारतो, त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि त्या प्रतीतले दोन-चार फोटो तुमच्यासमोर उघडून दाखवतो. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी आहे का, हेही तो विचारील. अँटिव्हायरस बंद करून स्वस्तात विंडोज 'अॅक्टिव्हेट' करून देणाऱ्याला मात्र दाराबाहेरच ठेवावे.

पहिल्या भेटीत मोठे काम देऊ नका. धूळ काढणे, ब्राउझरमधल्या नकोशा नोटिफिकेशन बंद करणे आणि बॅकअप घेणे, एवढ्यावरून त्याचा हात कळतो.

बँकेतून निवृत्त:
वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. दुरुस्तीसाठी बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही लागत नाही, त्यामुळे तो मागणाऱ्याची आणखी परीक्षा घेण्याचे कारण उरत नाही. दुरून संगणक चालवू देणारी एनीडेस्कसारखी साधने स्वतः वाईट नाहीत. परंतु त्यांच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. काम संपले की ते साधन काढून टाकायला सांगावे. इतके करूनही पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

घरचीच आयटीवाली:
मी माहेरच्या संगणकावर वडिलांना साधे खाते दिले आहे आणि अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माझ्याकडे ठेवला आहे. काही नवे टाकायचे झाले की दुरुस्तीवाल्याला मला फोन करावाच लागतो आणि तो काय करतो आहे ते आपोआप कळते. वडिलांना सुरुवातीला हे थोडे लागले होते, म्हणून आधी त्यांच्याशी बोलून घ्या. संगणक दुकानात न्यायचा असेल, तर रॅम किती आहे आणि हार्ड डिस्कचा सिरियल नंबर काय आहे, याचा फोटो काढून ठेवा, पोच घ्या आणि बदललेला जुना भाग परत मागा.

सातारकर:
सर्वांचे आभार. सीएंनी सुचवलेल्या गृहस्थांशी बोलले. त्यांनी फाइलींबद्दल आपणहून विचारले. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने नवा संगणक घ्यावा, असेही ते म्हणाले. यात विक्रीचा हेतू असेल का?

जुना दुरुस्तीवाला:
तारीख त्यांनी बरोबर सांगितली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. तुमच्या संगणकात यांपैकी काय नाही, हे त्यांना मायक्रोसॉफ्टच्या तपासणी अॅपमध्ये दाखवायला सांगा. त्यांनी ते दाखवले, तर नवा संगणक तुमच्या पसंतीच्या दुकानातून घ्या आणि फाइली हलवण्याचे काम त्यांना द्या.