रॅपर गाणं ‘गातो’ की ‘म्हणतो’?

कानसेन
नवे सिनेमे आणि हिप-हॉपचे अल्बम यांवर मी चाहता म्हणून लिहीत असतो. आवडलं तर मनापासून आवडलं म्हणायचं, आणि पाट्या टाकल्या असतील तर तेही सरळ लिहायचं. परवा एका अल्बमबद्दल लिहिलं, ‘पहिली तीन गाणी भरीची आहेत, पण चौथ्यातलं दुसरं कडवं त्याने असं म्हटलंय की बाकी सगळं माफ.’ मित्राला वाचायला दिलं, तर त्याने नेमकं ‘म्हटलंय’वर बोट ठेवलं. त्याचं मत असं, की गाणं गातात, म्हणतात ते पाढे. इथे ‘रॅप केलंय’ हवं.

मी लहानपणापासून ‘गाणं म्हण’ असंच ऐकत आलोय. रॅपमध्ये सूर बोलण्याच्या इतका जवळ असतो की मला तर हेच क्रियापद चपखल वाटतं. माझं चुकतंय का? आणि ‘फ्लो’ला, म्हणजे ठोक्यांवर शब्द बसवण्याच्या ढबीला, काय लिहिता? मी ‘ओघ’ लिहितो, पण समाधान होत नाही.

जुनीवही
अजिबात चुकत नाही. ‘गाणं म्हणणे’ हे अस्सल मराठी आहे. ‘गाणं गा’ हे मला हिंदीच्या सावलीतलं वाटतं. आमची आजी ‘गाणं म्हणून दाखव’ म्हणायची, आणि तिचं मराठी कोणत्याही कोशापेक्षा मला जास्त भरवशाचं आहे. संस्कृत ‘भण्’वरून आलेलं हे क्रियापद. ‘तुका म्हणे’ आठवा. अभंग गायला जातो, पण शेवटच्या चरणात कवी ‘गाये’ म्हणत नाही, ‘म्हणे’ म्हणतो. रॅपरही कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. आपल्याकडे त्याला नाममुद्रा म्हणतात. तुम्ही बिनधास्त ‘म्हटलंय’ ठेवा.

अवग्रह
जुनीवही, हिंदीची सावली कशी? ‘गीतं गायति’ संस्कृतातच आहे. गीत आणि गाणे एकाच धातूचे, ते एकत्र येणं स्वाभाविक आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘म्हणणे’ आपण कशाला लावतो ते पाहा: पाढे, श्लोक, आरती, प्रार्थना. सिनेमातला नट संवाद म्हणतो. या सगळ्यांत शब्द आधीच तयार असतात आणि बहुधा दुसऱ्याचे असतात. हिप-हॉपमध्ये दुसऱ्याने लिहून दिलेलं कडवं आपलं म्हणून सादर करणं ही नामुष्कीची गोष्ट मानतात. मग रॅपरबद्दल ‘त्याने कडवं म्हटलं’ लिहिलं, तर नकळत तुम्ही त्याचं श्रेय काढून घेता. मराठीत ‘रॅप करणे’ रुळलंय, तेच वापरावं. प्रत्येक परक्या कलेला घरचं क्रियापद नेसवायची गरज नाही.

मुक्तछंद
अवग्रह, तुमचा मुद्दा ‘तुका म्हणे’पाशीच अडतो. तुकाराम काय दुसऱ्याचं म्हणत होते?

फ्रीस्टाइलला मात्र ‘म्हणणे’ कमी पडतं हे मान्य. तिथे रचणं आणि म्हणणं एकाच दमात होतं. अर्थात हा अर्थही नंतरचा. जुन्या पिढीतले रॅपर ‘फ्रीस्टाइल’ म्हणत ते कुठल्याच विषयाला न बांधलेल्या, पण आधी लिहून ठेवलेल्या कडव्याला. आयत्या वेळी रचलेलं, हा अर्थ पुढे पक्का झाला. शब्द बदलतात आणि ज्यांचे असतात तेच बदलतात, म्हणून मी ‘म्हणणे’चा अर्थ इतका आवळून धरणार नाही.

पाटीपेन्सिल
व्याकरणाची एक गंमत कोणी पाहिली नाही. ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटलं’ अशी आपल्याकडे दोन रूपं आहेत. स्वतःचं बोलणं असेल तर ‘ती येते म्हणाली’. पाठ केलेलं किंवा रचलेलं असेल तर ‘तिने श्लोक म्हटला, कविता म्हटली, गाणं म्हटलं’. पहिल्यात क्रियापद बोलणाऱ्यामागे जातं, दुसऱ्यात रचनेमागे. रॅपमध्ये दोन्ही एकत्र येतं. तो स्वतःचंच काही सांगत असतो, पण घट्ट बांधलेल्या रचनेत. म्हणून कानसेन यांना ‘म्हटलंय’ बरोबर वाटतं आणि अवग्रहांना खटकतं. माझ्या कानाला ‘तो कडवं म्हणाला’ चालत नाही, पण असं बोलणारी माणसं मी ऐकली आहेत.

रात्रपाळी
फ्लोबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ‘ओघ’ नको. ओघात अडथळा नसणं गृहीत आहे, ‘ओघवती भाषा’ आपण त्याच अर्थाने म्हणतो. फ्लो म्हणजे अक्षर ठोक्याच्या आधी पडतं, ठोक्यावर पडतं की जरा मागे रेंगाळतं, एका मात्रेत तीन अक्षरं कोंबलीत की एकच लांबवलंय, याचा सगळा हिशेब. थांबणं हाही फ्लोच. ज्या रॅपरचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं, तो ओळ अर्ध्यात सोडतो आणि एक अख्खी मात्रा गप्प बसतो. ओघात हे बसणार नाही. मला नाटकवाल्यांचा ‘शब्दफेक’ जवळचा वाटतो. मात्र त्यात आवाजाचा चढउतार जास्त येतो, ताल कमी. ‘लयकारी’ तालाला न्याय देते, शब्दांना नाही.

‘बीट’ला ‘ठेका’ लिहिणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, असं करू नका. हिप-हॉपमध्ये बीट म्हणजे ड्रम, बास, जुन्या तबकड्यांतून उचललेले तुकडे असं शब्दांखालचं सगळं वाद्यसंगीत. ठेका हा त्याचा एक भाग. ‘बार’ला मात्र घरचा शब्द सापडतो. चार मात्रांचा एक बार म्हणजे तीनतालातला एक विभाग, खंड म्हणा हवं तर. रूढ कडवं सोळा बारांचं, म्हणजे 64 मात्रा, तीनतालाची बरोबर चार आवर्तनं. कडवं ऐकताना मी बोटांवर हे मोजतो, आणि समेवर यमक पडलं की जो आनंद होतो तो तबला ऐकतानाच्या आनंदाहून वेगळा नसतो.

जुनीवही
रात्रपाळी, फार सुंदर लिहिलंत. हुकला, म्हणजे कडव्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींना, ‘पालुपद’ चालेल का?

रात्रपाळी
अर्थाने चालेल, पण ‘तेच पालुपद’ म्हटलं की कटकटीचा वास येतो. मी ‘ध्रुवपद’ लिहितो.

मुक्तछंद
मूळ शब्दाकडेही बघा. ‘ऱ्हिदम अँड पोएट्री’ची आद्याक्षरं म्हणजे रॅप, असं ठासून सांगतात. ते मागाहून जुळवलेलं आहे. ‘रॅप’ हा इंग्रजीत जुनाच शब्द, मूळ अर्थ ठोकणे, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत ‘गप्पा मारणे, बोलणे’ हा अर्थ त्या संगीताच्या आधीपासून होता. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने ज्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तिथून हिप-हॉपचा जन्म मोजतात. त्या काळात माइक हातात असलेल्या माणसाचं काम जमलेल्यांना हाक देणं, नाचायला उठवणं हे होतं. म्हणजे मुळात बोलणंच. कानसेन यांचं ‘म्हणणे’ इतिहासालाही धरून आहे.

अवग्रह
मूळ अर्थावरून आजचा वापर ठरत नाही. जगाने त्याला संगीत मानलंय. 2003 साली ‘एट माइल’ या सिनेमातल्या रॅपला ऑस्कर मिळालं ते ‘मूळ गीत’ या गटात. 2018 ला रॅपर केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ या अल्बमला पुलित्झर मिळालं, तेही संगीताचं.

पाटीपेन्सिल
आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, 2016 ला, बॉब डिलनला साहित्याचं नोबेल! गाणाऱ्याला साहित्याचा मान आणि म्हणणाऱ्याला संगीताचा. पुरस्कार देणाऱ्यांनीच सीमा पुसली असेल तर आपण क्रियापदाची चौकी कशाला बसवायची?

अवग्रह
चौकी नाही. पण शब्दांत फरक राहिले नाहीत तर परीक्षण लिहायचं कशाने? ‘रॅप केलंय’, ‘गायलंय’, ‘म्हटलंय’ हे तीन वेगळे असले, तर ‘ध्रुवपद गायलंय आणि कडवी रॅप केलीत’ हे एका वाक्यात सांगता येतं. आजकाल अर्धे रॅपर दोन्ही करतात. सगळ्यालाच ‘म्हटलंय’ लिहिलं की वाचणाऱ्याला कळत नाही.

कानसेन
हे पटतंय. पण ‘म्हणणं’ हे नाम मला सोडवत नाही. सिनेमाबद्दलही मी शेवटी तेच विचारतो, याचं म्हणणं काय? हल्ली मोठे सिनेमे मला रिकामे वाटतात ते त्यामुळेच. दिसायला देखणे, संवाद कडक, आणि म्हणणं काहीच नाही. ज्या अल्बमला म्हणणं आहे तो फसला तरी मी तीनदा ऐकतो.

नवखा_वाचक
आमच्याकडे तर सगळे ‘म्हणलं’ म्हणतात. ‘मी म्हणलं’, ‘त्याने गाणं म्हणलं’. ते चूक का?

अवग्रह
प्रमाण रूप ‘म्हटलं’.

जुनीवही
आणणे-आणलं, हाणणे-हाणलं, मग म्हणणे-म्हणलं यात चूक काय? नियमाला उलट तेच धरून आहे.

अवग्रह
मग ‘सांगलं’, ‘मागलं’ही लिहा. सांगितलं, मागितलं, घातलं ही रूपं नियमात बसत नाहीत म्हणून आपण ती टाकून दिली नाहीत.

नवखा_वाचक
टाकून द्या असं मी म्हणलंच नाही. आम्ही बोलतो ते चूक आहे का, एवढंच विचारलं.

मुक्तछंद
बोलण्यात चूक मुळीच नाही. लिहिताना कोणासाठी लिहिताय त्यावर ठरवा. रॅपमध्ये तर ‘म्हणलं’च लिहा, ‘आणलं’शी यमक जुळतं.

जुनीवही
‘म्हणलं’साठी वेगळा धागा काढूया का? माझ्याकडे त्यावर लिहायला बरंच आहे.

रात्रपाळी
काढा. पण आधी कोणीतरी फ्लोला शब्द सुचवा. मी अजून ‘फ्लो’च लिहितोय.