मदत हवी आहे: फॉक्सप्रोमधली जुनी मराठी खाती क्लाउडवर न्यायची आहेत, नावं फुटतायत

नमस्कार मंडळी,

सांगलीत हळदीची अडत आणि कोल्ड स्टोरेज असलेल्या एका कंपनीत मी अकाउंट्स बघते. वेगळा आयटी विभाग वगैरे नाही. प्रिंटर अडला तरी मलाच हाक मारतात, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात आलंय.

२०१९ च्या पुरात आम्ही सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेला. २०२१ ला परत तेच, आणि त्या वेळी जिन्यात एक हार्डडिस्क हातातून सुटली. तेव्हापासून मालकांचा धोशा आहे, सगळं क्लाउडवर टाका. आता मुहूर्त लागलाय.

डेटा १९९६ पासूनचा. शेतकऱ्यांची खाती, सौद्याच्या पट्ट्या, उचल, हमाली-तोलाईची वजावट, सगळं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फायलींत. आधी डॉसवरचं फॉक्सप्रो होतं, मशीनमध्ये जिस्ट कार्ड घालून मराठी यायची. २००४ ला व्हिज्युअल फॉक्सप्रोवर आलो, तेव्हापासून नावं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. २००४ पूर्वीची बंद खाती तर आमच्या चालू प्रोग्राममध्येही कचराच दिसतात. प्रोग्राम लिहिणारे सर आता हयात नाहीत. डीबीएफ सगळ्या मिळून ३ जीबी, पण स्कॅन केलेल्या पट्ट्या दीड टीबी आहेत. ऑफिसचा अपलोड स्पीड २० एमबीपीएस.

खात्यांची फाईल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) करून मुंबईतल्या एका चाचणी सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चढवून पाहिली. नेटवरच्या कन्व्हर्टरने नावं युनिकोडमध्ये (आजच्या मशीनवर सगळीकडे चालणाऱ्या मराठीत) आणली तर 'शिंदे'चं झालं 'िशंदे' आणि 'सावर्डे'चं 'सावडर्े'. ट्रकचे एमएच १० चे नंबर होते, त्यांचंही त्याने काहीतरी अगम्य मराठी केलं. शिवाय खाती ३८,००० च्या आसपास असायला हवीत, ती ४१,००० भरली. आणि काही पट्ट्यांवर तारीख आली ३० डिसेंबर १८९९! तेव्हा मालकांचे आजोबाही जन्मले नसतील.

एका व्हेंडरने सरळ सांगितलं, नावं पुन्हा टाइप करून घ्या. ३८,००० नावं? क्लाउड अॅमेझॉनचं एडब्ल्यूएस घ्यावं, मायक्रोसॉफ्टचं अॅझुर की गूगल, आणि हा नावांचा घोळ कसा सोडवावा, जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, कुठला क्लाउड हा प्रश्न सगळ्यात शेवटी. तिघांचीही सेंटर्स महाराष्ट्रात आहेत, अॅझुरचं तर पुण्यातच. तुमच्या ३ जीबीला काय, कुठेही मावेल. २० एमबीपीएसवर ते २० मिनिटांत चढतं. दीड टीबीला मात्र सलग सात दिवस लागतील, तेही लाईन पूर्ण मोकळी मिळाली तर. रात्री आणि रविवारी लावून ठेवा, महिन्याभरात आरामात होईल. स्कॅनसाठी सगळ्यात स्वस्त आर्काइव्ह (क्वचित लागणाऱ्या फायलींची साठवण) घेण्याआधी एक बघा: एडब्ल्यूएसच्या डीप आर्काइव्हमधून फाईल परत मागवली तर बारा तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि १८० दिवसांच्या आत काढून टाकली तरी तेवढ्या दिवसांचे पैसे लागतात. शेतकरी काउंटरवर उभा आहे आणि पट्टी उद्या मिळेल, असं चालणार आहे का?

प्रतिसाद २

खाती वाढली नाहीत हो, पुसलेली परत आली. फॉक्सप्रोमध्ये डिलीट केलं की नोंद जात नाही, तिच्या पहिल्या बाइटमध्ये फुली पडते. पॅक केल्याशिवाय, म्हणजे पुसलेल्या नोंदी कायमच्या काढल्याशिवाय, ती फाईलमध्येच राहते. तुमच्या सीएसव्हीवाल्याने ती फुली बघितलीच नाही. १८९९ ची तारीख म्हणजे रिकामी तारीख, चढवताना तिथे नल (म्हणजे 'माहिती नाही') टाका.

आता नावं. तुमच्याकडे एक नाही, दोन मराठी आहेत. जिस्टची जुनी खाती इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत आहेत. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात आणि युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीवरूनच बेतलेला आहे, त्यामुळे ते रूपांतर सोपं. श्रीलिपीत कागदावर दिसतं त्या क्रमाने असतं: वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. कन्व्हर्टरने चिन्हं बदलली, जागा बदलल्या नाहीत, म्हणून 'सावडर्े'. ओळखायची खूण अशी, की इस्कीतलं देवनागरी अक्षर १६० च्या वरच्या क्रमांकाच्या बाइटमध्ये असतं. नावात रोमन अक्षरांचे बाइट दिसले तर ते बहुतेक फॉन्टवालं. आणि पूर्ण फाईल कधीच कन्व्हर्टरमधून काढू नका, फक्त नाव, गाव, शेरा हे रकाने काढा. एमएच १० ला हात लागता कामा नये.

प्रतिसाद ३

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाची पुस्तकं किमान आठ वर्षं ठेवावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा. रीजन, म्हणजे सर्व्हर कुठे असावा ते निवडताना स्वस्त दिसलं म्हणून सिंगापूरवर क्लिक करू नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे गायब होते, कारण हेच करत बसले होते.

फुलीवाल्या नोंदी वगळल्यावर खाती बरोबर जमली. (वगळलेल्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्यात, फेकायचा धीर झाला नाही.) भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडून पायथनचा छोटा प्रोग्राम करून घेतला: आधी इस्की की फॉन्ट ते ओळखायचं, मग रूपांतर, मग वेलांटी आणि रफार जागेवर. 'सावर्डे' पहिल्यांदा नीट उमटलं तेव्हा आम्ही दोघं ओरडलो. पडताळा म्हणून प्रत्येक वर्षाची एकूण पोती जुन्या छापील खतावणीशी ताडून बघतेय. २००७ पर्यंत आलेय, एकाच वर्षी चार पोत्यांचा फरक आहे.

तरी २१४ नावं कशीच लागेनात. ती छापून गोदामातल्या जुन्या मुकादमांना दाखवली. चष्मा पुसत त्यांनी दीडशेच्या वर नावं गावासकट सांगितली. एका ठिकाणी म्हणाले, "हा कुमठ्याचा, पण बापाचं नाव चुकलंय." पट्टी काढून बघितली तर १९९८ पासून तसंच छापलं जातंय. आता हे चढवतानाच दुरुस्त करू, की आहे तसं नेऊ?

प्रतिसाद २

आहे तसंच न्या. जुनं आणि नवं अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर पडताळा कशाशी घेणार? दुरुस्ती नंतर नव्या सिस्टीममध्ये, तारीख आणि कारण टाकून. आणि त्या चार पोत्यांचं काय झालं ते इथे कळवा.